एसटीची पगारवाढ, पण संप सुरूच

२४ नोव्हेंबर २०२१. परिवहनमंत्री अनिल परब यांनी संपकरी एसटी कर्मचाऱ्यांना पगारवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, वीसपर्यंत ४,००० आणि त्यापुढे २,५००. शिवाय पगार दरमहा दहा तारखेच्या आत! पगार वेळेवर देण्याचीही घोषणा करावी लागते, यातच कर्मचाऱ्यांच्या तक्रारीचे मूळ दिसते.

मुख्य मागणी मात्र एसटीच्या राज्य शासनात विलीनीकरणाची होती. त्यामुळे आंदोलनाला बसलेले अनेक जण मुंबईच्या आझाद मैदानातून हलले नाहीत.

१ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला निघाली होती. येरवड्यातून जाणाऱ्या त्याच नगर रस्त्यावर या संपात प्रवाशांची भिस्त खासगी गाड्यांवर राहिली. अखेर ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर परतण्यास सांगितले. विलीनीकरण झाले नाही.