कळसूबाईची अट

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, असे शाळेतल्या कोणत्याही मुलास विचारा. तो कळसूबाईचे नाव सांगेल. उंची १६४६ मीटर, म्हणजे जुन्या मापाने ५४०० फूट. एका अंगाला अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातला अकोले तालुका, दुसऱ्या अंगाला नाशिकचा इगतपुरी तालुका, आणि मधल्या सीमेवर हा डोंगर उभा आहे. घाटकोपरकरांना तो फार लांबचा नाही. रेल्वेने कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीस उतरावे, घोटीवरून भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी गावी जावे आणि पुढचे काम पायांवर सोपवावे. अवघड कड्यांवर आता लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे.

कळसूबाईच्या खालोखाल बागलाणातील साल्हेर, १५६७ मीटर. तो किल्लाही आहे, आणि १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगल फौजेचा मोकळ्या मैदानात पराभव केला. सबंध सह्याद्रीचा विचार केला तर केरळातील अनैमुडी २६९५ मीटर आहे, आणि हिमालयाकडे नजर टाकली तर आपले हे सारे डोंगर टेकड्याच वाटतील. जगात आठ हजार मीटरांहून उंच अशी चौदा शिखरे मानली जातात; त्यांतली आठ एकट्या नेपाळात किंवा त्याच्या सीमेवर आहेत. तेव्हा केवळ उंचीच्या हिशेबाने कळसूबाईवर व्याख्यान देण्याचे कारण नाही. मला बोलायचे आहे ते तिच्या नावाविषयी.

कळसूबाईला पुष्कळ लोक 'महाराष्ट्राचे एव्हरेस्ट' म्हणतात. उंचीपुरती ही उपमा ठीक आहे. नावापुरती मात्र ती अगदी उलटी आहे. ती कशी, हे सांगण्यासाठी आधी आपल्या घरची गोष्ट सांगतो आणि मग हिमालयाकडे वळतो.

१८८४ साली सरकारने नगर जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात डोंगराच्या माहितीबरोबर एक लोककथा नोंदवलेली आहे. कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी होती. तिला रानात हिंडण्याची आवड. हिंडत हिंडत ती डोंगराच्या पायथ्याशी इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली की, भांडी घासणे आणि झाडलोट करणे ही दोन कामे मला सांगायची नाहीत. घरच्यांनी ती मान्य केली. काही दिवस सुरळीत गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणी तरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितले. ती भांडली नाही. सांगितलेले काम तिने केले, आणि ते होताच डोंगर चढून वर गेली. पुन्हा खाली आली नाही. मरेपर्यंत माथ्यावरच राहिली. जेथे तिने भांडी घासली ते ठिकाण थाळेमेळ, आणि जेथे केर काढला ते काळदरा, असे लोक दाखवीत.

ही दंतकथा आहे, तिला सनावळी नाही, हे मला ठाऊक आहे. पण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काय जपून ठेवले याला इतिहासात किंमत असते. या कथेत राक्षस नाही, वर नाही, शाप नाही. आहे तो नोकरीचा करार. काम काय करायचे आणि काय करायचे नाही, हे ठरले होते. मालकाच्या बाजूने ते मोडले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे ज्याला सेवाशर्तींचा भंग म्हणतो तो हाच. कळसूने मजुरी किती मागितली होती हे कथेला आठवत नाही; तिची अट मात्र आठवते. कष्ट विकले म्हणजे माणूस विकला असे होत नाही, एवढे त्या गावकऱ्यांना कळत होते. म्हणून त्यांनी त्या घरच्या मालकाचे नाव विसरून टाकले आणि मुलुखातल्या सर्वांत उंच जागेला मोलकरणीचे नाव दिले. आपल्या राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. लोकांच्या आठवणीने कळसूची बाजू त्याच्या कितीतरी आधी घेतली होती.

आता हिमालयाकडे जाऊ. वाटेत मात्र विदर्भात थोडे थांबावे लागेल.

१८०२ साली मद्रासेजवळ विल्यम लँब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीवर एक सरळ रेषा साखळीने मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका खुणेकडे दुर्बिणीच्या यंत्रातून पाहायचे, कोन मोजायचे, आणि त्रिकोणाच्या गणिताने उरलेल्या दोन बाजू काढायच्या. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण उभारायचा. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडीत सबंध हिंदुस्थान मोजण्याचे हे काम, म्हणजेच त्रिकोणमितीची महान पाहणी. मोठे कोनमापक यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे. ते डोंगरावर, देवळाच्या शिखरावर, बुरुजावर चढवावे लागे. चढवीत कोण? खलाशी आणि हमाल. निशाणे धरून डोंगरमाथ्यांवर दिवसच्या दिवस उभे कोण राही? तेच. लँब्टन काम करीत करीत उत्तरेकडे सरकला, आणि नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथे आहे. त्याच्याबरोबर वीस वर्षे यंत्र वाहणाऱ्यांच्या कबरी कोणाला दाखवता येत नाहीत.

लँब्टननंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे आले. १८३० साली तो सर्वेअर जनरल झाला. त्याला गणिती हवे होते. १८३१ साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातून राधानाथ सिकदार नावाचा अठरा वर्षांचा तरुण त्याच्या खात्यात गणक म्हणून लागला. गणक म्हणजे कोनांच्या आकड्यांवरून अंतरे व उंची काढणारा माणूस. सिकदारांची बुद्धी अशी की दुसऱ्या खात्यात जाण्याची त्यांची इच्छा असताही एव्हरेस्ट त्यांना सोडीना.

या सिकदारांची एक हकीकत आमच्या क्षेत्रातल्या माणसाने विसरू नये अशी आहे. १८४३ साली ते डेहराडूनला होते. तेथल्या व्हॅन्सिटार्ट नावाच्या मॅजिस्ट्रेटने पाहणी खात्याच्या मजुरांना आपल्या खासगी कामासाठी वेठीस धरले. त्या काळी साहेबाने म्हणावे आणि मजुराने डोक्यावर घ्यावे, हीच रीत होती. सिकदार आडवे आले. त्यांच्यावरच खटला झाला आणि दोनशे रुपये दंड बसला. पण त्यामुळे प्रकरण चव्हाट्यावर आले. रामगोपाल घोष यांच्या 'बेंगॉल स्पेक्टेटर' पत्राने ते छापले. ज्या देशात कामगार संघटना हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता, तेथे एका गणिताच्या माणसाने हमालांसाठी दंड सोसला.

त्याच १८४३ साली एव्हरेस्ट निवृत्त होऊन मायदेशी गेला. त्याच्या जागी अँड्र्यू वॉ आला. नेपाळात परक्यांना प्रवेश नव्हता. म्हणून हिमालयाची शिखरे दूर खालच्या सपाटीवरून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, पाहावी लागत. तराईच्या हिवतापाने पाहणीच्या तुकड्यांतली माणसे पटापट आजारी पडत व मरत. सहा निरनिराळ्या ठिकाणांहून एका शिखराचे कोन घेतले गेले. कागदोपत्री त्याचा क्रमांक पंधरा. हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्याची दुरुस्ती करून गणित करावे लागे. १८५२ च्या सुमारास हिशेब स्पष्ट झाला, आणि १८५६ साली वॉने जाहीर केले की हे शिखर २९,००२ फूट उंच असून बहुधा जगात सर्वांत उंच आहे. सिकदार धावत साहेबाच्या खोलीत गेले आणि शोध लागल्याचे ओरडून सांगितले, अशी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तिच्यावर अभ्यासकांचा विश्वास नाही. त्या वेळी ते मुख्य गणक म्हणून कलकत्त्यास होते आणि आकडेमोडीत डेहराडूनच्या गणकांचाही हात होता. मला तर हे अधिकच पटते. इतके मोठे काम एकट्याचे नसते. पुष्कळ माथी आणि त्याहून पुष्कळ पाय त्यात खर्ची पडतात.

मग नावाचा प्रश्न आला. वॉचे म्हणणे असे की, या शिखराचे स्थानिक नाव सापडत नाही. तेव्हा माझ्या पूर्वीच्या वरिष्ठाचे नाव द्यावे. वास्तविक उत्तरेकडच्या तिबेटी लोकांत चोमोलुंग्मा हे नाव चालत होते. खुद्द एव्हरेस्टनेही हरकत घेतली की माझे नाव तेथल्या लोकांना लिहिता येणार नाही व उच्चारताही येणार नाही. पण १८६५ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तेच कायम केले. नेपाळीतले सगरमाथा हे नाव इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी विसाव्या शतकात पुढे आणले. २०२० साली नेपाळ व चीन यांनी मिळून उंची ८८४८.८६ मीटर जाहीर केली. एवढ्या दुरून काढलेला जुन्या गणकांचा आकडा नव्या यंत्रांच्या आकड्याहून तीसएक फुटांनीच कमी भरला.

आणि सिकदार? १८५१ साली पाहणीशास्त्राचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक निघाले. त्यातील गणिताचे भाग सिकदारांचे आहेत असे प्रस्तावनेत नमूद होते. १८७० साली ते वारले. १८७५ साली तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यांचे गणित पुस्तकात राहिले आणि नाव गेले. पुढच्याच वर्षी 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजांच्याच पत्राने ही मेलेल्या माणसाची लूट आहे असा ठपका ठेवला. हजेरी लागली, काम झाले, पण पगारपत्रकावर नाव नाही, असा प्रकार आम्ही कारखान्यांत पाहतो. विद्वानांच्या जगातही तो घडतो.

पुढे मोजणी संपली आणि चढाई सुरू झाली. १९२२ सालच्या इंग्रजांच्या मोहिमेत ७ जून रोजी हिमकडा कोसळला आणि सात हमाल ठार झाले. मोहिमेचे पुढारी जगाला ठाऊक आहेत. त्या सातांची नावे शोधावी लागतात. १९५३ सालच्या मोहिमेचे सामान साडेतीनशेंहून अधिक हमालांनी पाठीवर नेले. २९ मे रोजी माथ्यावर पोचलेल्या दोघांपैकी तेनसिंग नोर्गे हा १९३५ साली या पहाडावर प्रथम गेला तो हमाल म्हणूनच. त्याचे नाव जगात दुमदुमले, आणि त्याचबरोबर शेर्पा ही जात नसून फक्त ओझ्याचा धंदा आहे अशी समजूत असणाऱ्यांचे डोळे उघडले.

पण नाव होणे आणि अटी पाळल्या जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार मेले. ते स्वतःच्या हौसेने चढत नव्हते. दुसऱ्यांच्या चढाईसाठी वाट बांधीत होते आणि सामान नेत होते. सरकारने प्रत्येक घराला अंत्यविधीसाठी चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले. एका माणसाच्या चढाईच्या परवान्यालाच सरकार त्याच्या कितीतरी पट रक्कम घेत होते. शेर्पांनी मागण्या लिहून दिल्या आणि काम थांबविले. त्या वर्षी दक्षिण बाजूचा चढाईचा हंगाम जवळजवळ बंदच पडला. त्यानंतर विम्याची रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. ती पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. पण जगातल्या सर्वांत उंच कामाच्या जागी संप झाला आणि तो वाया गेला नाही, हे इतिहासात लिहून ठेवले पाहिजे. कळसू एकटी होती, म्हणून तिला डोंगरावर निघून जाण्यावाचून मार्ग नव्हता. हे लोक अनेक होते, म्हणून डोंगरावरून खाली उतरून ते मागणी करू शकले.

आता नावाची ती उलटी बाजू ध्यानात येईल. जगातल्या सर्वोच्च शिखराला वरिष्ठाचे नाव मिळाले, आणि ते कार्यालयात बसून ठरले. महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराला सर्वांत खालच्या कामकरी बाईचे नाव मिळाले, आणि ते लोकांच्या तोंडी ठरले. तेव्हा कळसूबाईला महाराष्ट्राचे एव्हरेस्ट म्हणण्यात तिचा गौरव होतो असे मला वाटत नाही. तिला स्वतःच्या नावाने हाक मारावी.

हे सारे घाटकोपरात बोलण्याचे कारण आहे. आपल्या या लालबहादूर शास्त्री मार्गाने घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जा. एके काळी या रस्त्याला कारखान्यांची रांग होती. त्यांतले पुष्कळ बंद झाले आणि त्यांच्या जमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या. कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रे विकली जातात, पत्रे विकले जातात, आणि हजेरीची जुनी पुस्तके रद्दीत जातात. त्या पुस्तकांत अकोल्याचे, जुन्नरचे, साताऱ्याचे, कोकणातले, उत्तर प्रदेशातले हजारो लोक आहेत. कोण कधी लागला, कोणत्या खात्यात होता, कोणाचा हात यंत्रात गेला, हे त्यांतच लिहिलेले आहे. इमारतींना मोठी नावे पडली आहेत. जी माणसे येथे तीस-तीस वर्षे उभी होती, त्यांची नावे कोठे राहणार?

माझी विनंती एवढीच आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुने हजेरीपत्रक, संघटनेची वर्गणीची पावती, मागणीपत्राची प्रत, सेवासमाप्तीचा कागद किंवा खात्याचे एकत्र छायाचित्र असेल, त्यांनी ते रद्दीवाल्यास देऊ नये. छायाचित्राच्या मागे माणसांची नावे लिहावीत. जे वृद्ध आज हयात आहेत त्यांना विचारून लिहावीत. मग ते सारे गोळा करून एखाद्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावे. मी जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर अशाच एका वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा अशा कागदांची काळजी तेथे घेतली जाईल असा मला भरवसा आहे. सिकदारांचे नाव एका प्रस्तावनेतून खोडले गेले, तरी आधीची आवृत्ती कोणी तरी जपून ठेवली होती. म्हणूनच ती लबाडी उघडकीस आली. आपल्याजवळचे कागद हीच आपली आधीची आवृत्ती आहे.