नक्कल कोठवर, चोरी कोठून?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाळत घातलेले भोपळे दिसले की वाद्यांची दुकाने जवळ आली असे समजावे. येथील तंबोरा देशभरातील गवयांच्या बैठकीत पोहोचला आहे. पण या परंपरेची सुरुवात कशी झाली, हे आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या व ती घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांचा धंदा बसत चालला होता. त्यांतील फरीदसाहेब बाहेरून आलेली वाद्ये दुरुस्त करू लागले आणि दुरुस्त करता करता स्वतः वाद्ये घडवू लागले, असे सांगितले जाते. म्हणजे दुसऱ्याची वस्तू उघडावी, ती कशी चालते ते समजून घ्यावे आणि मग आपल्या हाताने आपल्या लाकडातून तेच काम करणारी वस्तू उभी करावी. ही चोरी झाली का? मिरजेत तरी असे कोणी म्हणणार नाही.

तंबोऱ्याचे मर्म त्याच्या जवारीत असते. घोडीचा माथा किंचित वक्र असतो आणि तार व घोडी यांमध्ये दोरा सरकवून कारागीर कानाने नेमकी जागा शोधतो. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू येतो, ते उपस्वर नेहमीच्या नियमानुसार ऐकू येता कामा नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिले. कारागिराच्या हाताला जे ठाऊक होते, त्याला त्यांनी भौतिकशास्त्राची भाषा दिली.

पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. या पेटीत भोपळा नाही, तार नाही आणि घोडीही नाही. आहे ते तंबोऱ्याचे वर्तन. आज तेच काम भ्रमणध्वनीतील एखादी आज्ञावलीही करते. विद्यार्थ्याची मोठी सोय झाली, पण रोजच्या रियाजाला पेटी पुरू लागली की कारागिराकडे येणारे एक गिऱ्हाईक कमी होते. कायद्याने येथे कोणाचे काही हिरावलेले नाही. तरीही मनात एक रुखरुख राहते. ती नेमकी कशाची, हे पाहण्यासाठी हाच प्रश्न जेथे न्यायालयात लढला गेला, त्या क्षेत्राकडे वळू.

ते क्षेत्र आहे व्हिडिओ गेमचे. दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या खेळयंत्रात एक विशिष्ट प्रक्रियक असतो व खेळाची आज्ञावली त्याच्याच भाषेत लिहिलेली असते. 'इम्युलेटर', म्हणजे अनुकारक, ही साध्या संगणकावर चालणारी एक आज्ञावली होय. ती खेळातील प्रत्येक आज्ञा वाचते आणि मूळ यंत्राने जे केले असते तेच संगणकाकडून करवून घेते. यंत्र नाही, यंत्राचे वर्तन आहे. विजेच्या तंबोऱ्यासारखेच!

१९९९ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिक्स कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशन यंत्राचा असा अनुकारक विकायला काढला. तो बनवताना अभ्यासासाठी तिने प्लेस्टेशनमधील कायमस्वरूपी आज्ञावलीच्या प्रती केल्या होत्या, परंतु विकलेल्या वस्तूत सोनीची एकही ओळ नव्हती. सोनीने दावा लावला. २००० मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की यंत्राचे कार्य समजून घेण्यासाठी केलेली ही मधली नक्कल न्याय्य वापरात बसते. पुढच्याच वर्षी सोनीने तो अनुकारक विकत घेऊन बंद केला. ब्लीम नावाच्या दुसऱ्या अनुकारकाची कंपनी न्यायालयात टिकली, पण खटल्यांच्या खर्चाखाली २००१ मध्ये मिटली. कायदा बाजूने असणे आणि तो निभावण्याची ऐपत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या कायद्याची भूमिकाही फारशी दूर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार कायदेशीरपणे मिळवलेली आज्ञावली कशी चालते याचे निरीक्षण व अभ्यास करता येतो, दुसऱ्या आज्ञावलीशी जुळणी करण्यासाठी लागणारी, पण अन्यत्र सहज न मिळणारी माहिती काढता येते आणि स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी प्रतही करता येते. मात्र खेळ ही कोणाची तरी स्वतंत्र कृती आहे. तो न विकत घेता उतरवून घेणे हा हक्कभंगच, मग अनुकारक कितीही निर्दोष असो. हक्कभंगाच्या हेतूने त्यावरील कुलूप तोडणे हा २०१२ पासून वेगळा गुन्हा आहे. अमेरिकेतही २०२४ मध्ये युझू या अनुकारकावर निन्टेंडोने दावा केला तो मुख्यतः असे कुलूप तोडल्याचा. युझूच्या कर्त्यांनी २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम थांबवले.

मग ज्या खेळाचे यंत्रच बाजारातून गेले, त्याचे काय? हक्क तसाच उरतो, पण कृती मात्र नष्ट होऊ लागते. १९८४ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते, हे ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल. त्या काळी शिक्षकांनी त्यावर लिहिलेले धडे आज पाहायचे तर अनुकारकावाचून मार्ग कठीण. आमच्या प्रयोगशाळेतही एका जुन्या मापनयंत्राची, आम्हीच विकत घेतलेली आज्ञावली अशाच उपायाने जिवंत आहे. ते नसते तर दहा वर्षांच्या नोंदी आम्हाला वाचता आल्या नसत्या. जतन करण्याची ही गरज खरी आहे. मात्र तिचे नाव पुढे करून आजच दुकानात मिळणारा खेळ फुकट घेणे, हे जतन नव्हे.

आता पुन्हा मिरजेला येऊ. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसरीकडे तंबोरा बनवण्यास बंदी झाली नाही. पण बाहेर बनवलेले वाद्य 'मिरजेचे' म्हणून विकणे बेकायदा ठरले. म्हणजे कायद्याने रीत सर्वांसाठी मोकळी ठेवली आणि नाव जपले. आमच्या मनातील रुखरुखीचे उत्तरही येथेच आहे. विजेच्या पेटीने कारागिराकडून काही चोरले नाही. पण ज्याच्या कानाने ते वर्तन प्रथम सिद्ध झाले, त्याचे ऋण तिच्यावर व ती वापरणाऱ्या आपल्यावर आहेच. ते फेडण्याची सक्ती कोणताही कायदा करणार नाही.

वर्गात हा विषय निघाला, तर मुलांना तीन प्रश्न विचारावेत: नक्कल वर्तनाची आहे की कृतीची? नाव कोणाचे लावले आहे? आणि मूळ कर्त्याच्या पदरात काय पडले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात सापडतील. तिसऱ्यासाठी मुलांना एकदा सतारमेकर गल्लीत घेऊन जावे.