चवदार तळ्यातले शेण आणि मोबाईलमागची चिप

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवसाला ६४ वर्षे पूर्ण व्हायला दोनच दिवस उरले होते, तेव्हा १२ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय कामधेनू आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष वल्लभभाई कथिरिया यांनी गायीच्या शेणाची चिप देशाला दाखवली. मोबाईलला लावा, रेडिएशन कमी होते, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे, असा दावा. राजकोटच्या गोशाळेच्या या चिपचे नाव 'गौसत्व कवच', किंमत ५० ते १०० रुपये. शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून विचारले, प्रयोग कुठे झाला, कोणी केला, निकाल कुठे छापला?

शेणात शक्ती असते हे आम्हाला नवे नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांचे सोबती महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या आणि तळे 'शुद्ध' झाल्याचे जाहीर केले. पाण्यात आधी काय होते आणि नंतर काय गेले, कोणी मोजले? मोजण्यासारखे काही नव्हतेच. धुवायचा होता तो आमचा स्पर्श. विटाळ दिसत नाही, रेडिएशनही दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीची भीती घालून तोडगा विकणे हा धंदा जुनाच आहे.

फरक एवढाच की रेडिएशन मोजता येते. मोबाईलच्या रेडिओ लहरी अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या ताकदीच्या नसतात. तरी काळजी म्हणून भारतात सप्टेंबर २०१२ पासून हँडसेटला प्रति किलो १.६ वॅटची मर्यादा आहे. दीर्घकालीन परिणामांवर संशोधन चालू आहे, ते चालावेच. पण चिपने लहरी खरोखर अडवल्या तर फोन टॉवर गाठायला आणखी जोर लावेल, नाहीतर कॉल तुटेल. आणि फोन पहिल्यासारखाच चालत असेल, तर चिपने अडवले काय?

जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यात ताईत आणि मंत्र यांच्या शेजारी 'कवच' हा शब्द नेमका आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवरच्या 'हनुमान चालिसा यंत्रा'सारख्या चमत्कारी यंत्रांच्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर ठरवल्या. शेणाच्या चिपला आणि 'क्वांटम' लॉकेटला वेगळा न्याय का?

आमच्या काही शिकल्या-सवरल्या पोरांना ही लॉकेट्स गंडादोरा वाटत नाहीत, कारण वेष्टनावर इंग्रजी असते. त्यांनी नेदरलँड्सची गोष्ट ऐकावी. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ५जीपासून वाचवतो म्हणणारे हार, बांगड्या, झोपताना घालायची डोळ्यांची पट्टी अशा दहा वस्तू तपासल्या. दहाही किरणोत्सारी निघाल्या. वापरणाऱ्यांना सांगण्यात आले की त्या अंगावरून काढा, बंद करून ठेवा, आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका.