टाकायासू धमनीदाह

टाकायासू धमनीदाह हा महाधमनी आणि तिच्या मुख्य शाखा यांच्या भित्तिकांना दीर्घकाळ दाह होणारा दुर्मीळ आजार आहे. तो बहुधा वयाच्या चाळिशीपूर्वी सुरू होतो. किशोरवयीन मुली व तरुण स्त्रिया यांच्यात त्याचे प्रमाण अधिक असते, परंतु तो लहान मुलांनाही होऊ शकतो. अनेक रुग्णांच्या मनगटात नाडी लागत नसल्यामुळे त्यास 'नाडीहीन रोग' असेही म्हणतात.

इतिहास

जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी १९०८ मध्ये एका २१ वर्षीय स्त्रीच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांचे कड्यासारखे जाळे आढळल्याचे नोंदवले. अशा रुग्णांच्या मनगटात नाडी लागत नाही, हे अन्य जपानी डॉक्टरांनी निदर्शनास आणले. मानेतील धमन्या अरुंद होऊन डोळ्यांना रक्त कमी पडल्याने हे जाळे निर्माण होते, हे पुढे स्पष्ट झाले.

कारणे व विकृती

आजाराचे निश्चित कारण अज्ञात आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच धमन्यांवर हल्ला करते, असे मानले जाते. एचएलए-बी५२ या जनुकप्रकाराशी त्याचा संबंध आढळला आहे. क्षयरोगाशी संबंध असल्याची शंका घेतली गेली, पण ती सिद्ध झालेली नाही. दाहामुळे धमनीची भित्तिका जाड होऊन पोकळी अरुंद होते किंवा बंद पडते. काही ठिकाणी भित्तिका कमकुवत होऊन फुगते.

लक्षणे

सुरुवातीस ताप, थकवा, वजन घटणे, सांधेदुखी अशी सर्वसाधारण लक्षणे असतात, त्यामुळे निदानास विलंब होतो. पुढे हातपाय वापरताना दुखणे, चक्कर, दृष्टिदोष व डोकेदुखी उद्भवते. मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद झाल्यास रक्तदाब वाढतो. मुलांमध्ये हे वारंवार आढळणारे लक्षण आहे. पक्षाघात व हृदयाची निकामी अवस्था हे गंभीर परिणाम होत.

जपानमध्ये महाधमनीची कमान व तिच्या शाखा अधिक बाधित होतात, तर भारतात उदरातील महाधमनी व मूत्रपिंडाच्या धमन्या बाधित होण्याचे प्रमाण जास्त आहे.

निदान

दोन्ही हात व दोन्ही पाय यांतील नाडी तपासणे आणि रक्तदाब मोजणे ही निदानाची पहिली पायरी होय. हाताची धमनी अरुंद असल्यास तेथील रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो व उच्च रक्तदाब लक्षात येत नाही. दोन हातांतील वरच्या रक्तदाबात १० मिमी पाऱ्यापेक्षा अधिक फरक, तसेच धमनीवर स्टेथोस्कोपने ऐकू येणारा खरखराट यांवरून संशय बळावतो. ईएसआर व सीआरपी या रक्तचाचण्या दाह दर्शवितात. मात्र त्या सामान्य असल्या तरी आजार सक्रिय असू शकतो. सीटी किंवा एमआरआय अँजिओग्राफीने निदान पक्के होते. मुलांमध्ये महाधमनीचे जन्मजात आकुंचन वेगळे ओळखावे लागते.

उपचार

प्रारंभी स्टेरॉइड औषधे दिली जातात. त्यांच्या दीर्घ वापराने मुलांची वाढ खुंटू शकते, म्हणून मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन यांसारखी औषधे जोडून त्यांची मात्रा कमी केली जाते. काही रुग्णांना टोसिलिझुमॅब किंवा टीएनएफरोधक औषधे देतात. रक्तदाबावर नियंत्रण आवश्यक असते. अरुंद धमनीसाठी फुगा, स्टेंट वा बायपास शस्त्रक्रिया करतात. ती शक्यतो दाह शमल्यानंतर केली जाते. आजार पुन्हा उलटू शकत असल्याने अनेक वर्षे नियमित तपासणी करावी लागते.