अण्णांचा नंबर



माझ्या माहेरी संध्याकाळचं ताट घड्याळाकडे बघून वाढलं जात नसे, परसातल्या चिंचेच्या सावलीकडे बघून वाढलं जाई. सूर्य बुडायच्या आत सगळ्यांची जेवणं झालीच पाहिजेत. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. अडचण होती ती अण्णांची. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानी दिवाणजी होते आणि आमचं गाव कृष्णेपलीकडे, अकरा किलोमीटरवर. हळदीचा हंगाम सुरू झाला की सौदे संपून पट्ट्या लिहून होईपर्यंत पाच वाजून जात. मग सायकल काढायची, आयर्विन पूल ओलांडायचा आणि खडबडीत रस्त्यावरून पायडल मारत यायचं. माघ महिन्यात दिवस लवकर मावळतो. अण्णा दारात सायकल लावायचे तेव्हा बऱ्याचदा दिवेलागण झालेली असे. आई तांब्या पुढे करायची, ते हातपाय धुऊन माळ घेऊन बसायचे. ताट झाकलेलंच राहायचं. हंगामात आठवड्यातून तीन-चार दिवस हे असंच.

म्हणून १९७४ साली अण्णांनी स्कूटर नोंदवली. हौस म्हणून नव्हे, जेवणाच्या वेळेसाठी. ती आली १९८४ साली.

आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. दहा वर्षं? गाडीला? नवी चारचाकी दोन महिने उशिरा मिळाली तर आमच्या घरी हल्ली चिडचिड होते. म्हणून म्हटलं, ती रांग कशी लागली आणि कशी संपली हे एकदा नीट लिहून काढावं.

स्कूटरचं मूळ इटलीतलं. दुसऱ्या महायुद्धात विमानं बनवणाऱ्या पियाज्जिओ कंपनीने युद्ध संपल्यावर १९४६ साली व्हेस्पा काढली. आखली कोराडिनो दास्कानिओ नावाच्या विमानांच्या अभियंत्याने. त्याला म्हणे मोटरसायकल आवडायचीच नाही. म्हणून इंजिन झाकलेलं, पुढे पाय ठेवायला सपाट जागा, कपड्यांना ग्रीस लागणार नाही अशी रचना. आपल्याकडे ती इतकी का रुजली याचं उत्तर मला त्या सपाट जागेतच दिसतं. धोतर असो की पायजमा, माणूस सहज बसतो. पुढे एक पोर उभं राहतं, मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसते, तिच्या मांडीवर दुसरं पोर आणि हुकाला भाजीची पिशवी. अख्खं कुटुंब मावतं.

आपल्या देशात ती १९४८पासून बाहेरून यायला लागली. आणणारी कंपनी बछराज ट्रेडिंग, म्हणजेच पुढची बजाज ऑटो. पण तेव्हा परकीय चलन मोजूनमापून वापरायचं होतं. आयात कमी करायची आणि इथेच बनवायचं, असं सरकारचं धोरण ठरलं. हे धोरण मुळात चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद, आपल्याच समाजातले, यांनी तर स्वातंत्र्याआधीच, १९४४ साली, प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली होती, आणि १९४७ साली त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. इथे गाडी बनू शकते यावर तेव्हा कितीजणांचा विश्वास असेल?

गोची झाली ती परवान्यांमुळे. १९५१च्या उद्योग कायद्याने कारखाना काढायला परवाना लागू लागला आणि किती माल काढायचा तो आकडाही त्या परवान्यातच. मागणी वाढली म्हणून आपल्या मनाने कारखाना वाढवता येत नसे. दिल्लीला अर्ज करायचा आणि वाट बघायची. स्कूटर म्हणजे चैनीची वस्तू, तिच्यावर पोलाद आणि परकीय चलन कशाला घालवायचं, असा एकूण सूर. बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना १९५९ साली मिळाला. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना झाला आणि पियाज्जिओच्या सहकार्याने व्हेस्पा तिथे बनू लागली. १९७०पर्यंत त्या कंपनीच्या सगळ्या मिळून एक लाख गाड्या झाल्या. एवढ्या मोठ्या देशात दहा-अकरा वर्षांत एक लाख! १९७१ साली पियाज्जिओचा करार संपला, व्हेस्पा हे नाव गेलं, आणि १९७२ साली तशाच बांध्याची गाडी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून आली. चेतक. अण्णांनी नोंदवली ती हीच.

नोंदणीची पद्धत मला माहीत आहे, कारण आमच्या कपाटात तिचे कागद होते. स्कूटर कोणाला कशी विकायची यासाठी सरकारचा १९६०चा खास हुकूम होता. विक्रेत्याने मनाला येईल त्याला गाडी द्यायची नाही, वहीत नाव नोंदवायचं आणि क्रमाने द्यायची. गिऱ्हाइकाने पोस्टात बचत खातं काढून अडीचशे रुपये ठेवायचे आणि पासबुक विक्रेत्याकडे तारण द्यायचं. मग नंबर मिळायचा. अण्णांनी तो नंबर भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे पेन्सिलीने लिहिला होता आणि दरवर्षी दिनदर्शिका बदलली की तो नव्या दिनदर्शिकेवर उतरवला जाई.

अडीचशे रुपये तेव्हा लहान रक्कम नव्हती. मी पुढे बी.कॉम. झाले तेव्हा चक्रवाढ व्याज शिकताना पहिलं उदाहरण याच ठेवीचं केलं. पाच टक्के धरले तर दहा वर्षांत अडीचशेचे चारशे सात होतात. गाडीची किंमत मात्र नोंदवतानाची धरत नसत, हातात येईल त्या दिवसाची धरत. या दहा वर्षांत ती दुपटीच्याही पुढे गेली. म्हणजे ठेव वाढली दीडशेने आणि किंमत काही हजारांनी. मी हे अण्णांना वहीत मांडून दाखवलं. ते म्हणाले, "हिशेब बरोबर आहे." आणि वही परत दिली.

रांग असली की रांगेला बगल देणाऱ्या वाटाही निघतात. सरकारी नोकरांसाठी काही गाड्या राखून ठेवलेल्या असत. परदेशातल्या नातलगाने डॉलर पाठवले तर गाडी लवकर मिळे. आणि तिसरी वाट तुम्हा सगळ्यांच्या घरच्या पुरुषांना ठाऊक असेल, 'ऑन'ची. ज्याचा नंबर लागला त्याने गाडी घ्यायची आणि वर भरपूर पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायची. कारखान्यातून नुकती बाहेर पडलेली गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना महाग होत होती! काही लोक चालवायची इच्छा नसताना नावं नोंदवून ठेवत. तेवढीच रांग आणखी लांब. अण्णांच्या शेठजींनी एकदा ऑन देऊन गाडी घेऊन द्यायची तयारी दाखवली होती. अण्णा नको म्हणाले. आईला ते फारसं आवडलं नव्हतं, कारण झाकलेलं ताट सकाळी गायीपुढे ठेवायची ती.

दुसऱ्या गाड्या नव्हत्या असं नाही. मुंबईत लॅम्ब्रेटा बनायची. सरकारने लखनौला कारखाना काढून विजय सुपर आणली. १९७५ साली राज्य सरकारचं महामंडळ आणि बजाज यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली. तिचा कारखाना आपल्या साताऱ्याला, तिथे प्रिया बनायची. सातारा आम्हाला किती जवळ! तरी प्रियालाही रांग होतीच.

आणि लूना होती. तिचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १९७२ साली पुण्यातल्या कायनेटिकने ती काढली. त्यामागे अहमदनगरचं फिरोदिया कुटुंब, तेही आपल्या समाजातलं. पन्नास सीसीचं इंजिन, पेट्रोल संपलं तर पायडल मारा. माझ्या कॉलेजच्या वर्गातल्या दोघी-तिघी लूनावर यायच्या. अण्णांनी लूना का घेतली नाही, असं मी मोठेपणी आईला विचारलं. ती म्हणाली, "नंबर लावलाय म्हटल्यावर दुसरीकडे कशाला पैसे घालायचे? यंदा लागेल, यंदा लागेल, असं करता करता दहा वर्षं गेली." माझ्या मते त्या रांगेचा खरा तोटा हाच होता. माणूस इतकी वर्षं थांबलेला असतो की थांबणं सोडायलाही मन होत नाही.

१९८४च्या मार्चमध्ये विक्रेत्याचं कार्ड आलं. पैसे भरून गाडी घेऊन जा. आणि त्याच महिन्यात माझं लग्न ठरत होतं.

मुलगी बघून झाली, पसंती कळवली, याद्या करायला मंडळी आली. मध्यस्थ म्हणाले, "त्यांचं तसं काही मागणं नाही. पण तुमचा नंबर लागलाय असं कानावर आलंय." एवढंच. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीच झाला होता. मी तो कॉलेजात वाचलाही होता. पण त्या काळात किती घरांत लग्नाच्या यादीत स्कूटर असायची, हे तुम्हालाही आठवत असेल. मुलगी जन्मली की स्कूटर नोंदवावी, म्हणजे लग्नापर्यंत मिळते, असं लोक थट्टेने म्हणत. ती नुसती थट्टा नव्हती. स्कूटर पैशापेक्षा चांगली, कारण पैसे असूनही ती मिळत नसे.

मी आत स्वयंपाकघरात उभी होते. सगळं ऐकू येत होतं. बाहेर येऊन 'नको' म्हणायला मला दोन पावलंसुद्धा लागली नसती. मी आले नाही. तेवीस वर्षांची, वाणिज्य शाखेची पदवीधर, अडीचशेचं व्याज काढणारी. लग्न मोडेल ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर ती गाडी आपल्या दारात उभी राहील याचा थोडा आनंदही होता. अण्णांनी पाण्याचा एक घोट घेतला आणि 'हो' म्हणाले.

नोंद अण्णांच्या नावावर, म्हणून गाडी आधी त्यांच्याच नावावर पास झाली. लग्नाला एकोणीस दिवस होते. ते एकोणीस दिवस अण्णांनी चेतक चालवली. शेठजींच्या गाडीवर ते आधीच शिकले होते. सकाळी गाडी डाव्या अंगाला नीट कलती करायची, पुन्हा सरळ करायची आणि मग किक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं, पंपावर स्वतः उभं राहून बघायचं. आणि ते एकोणीसही दिवस अण्णा उजेड असताना घरी आले. आईने गरम भाकरी वाढली. एका संध्याकाळी जेवण करून दोघं गाडीवर नदीपर्यंत जाऊन आली. आई पुढे कित्येक वर्षं ते सांगायची. स्टेपनीपाशी साडी अडकेल म्हणून ती किती आवरून बसली होती, तेही.

लग्नानंतर गाडी इचलकरंजीला आमच्या घरी आली आणि अण्णा पुन्हा सायकलवर गेले. ह्यांना तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. एकोणीस दिवसांचं मी त्यांना सांगितलं ते थोरलीच्या बारशानंतर. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी गाडी घेऊन सांगलीला गेले, अण्णांना म्हणाले, "मामा, ही ठेवून घ्या." अण्णांनी चहा दिला आणि यांना परत पाठवलं. दिलेली वस्तू परत कशी घ्यायची, हाच त्यांचा प्रश्न.

गंमत बघा, हे सगळं झालं त्याच्या पुढच्याच वर्षी रांग विरघळायला लागली. १९८५ साली बजाजचा औरंगाबादजवळ वाळूजला दुसरा कारखाना झाला. एका वर्षात एक लाख गाड्या निघाल्याचं १९७७ साली कौतुक झालं होतं, तो आकडा १९८६ साली पाच लाखांवर गेला. परवान्यांची पकड ढिली झाली, जपानी कंपन्यांशी करार करायला मोकळीक मिळाली. कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हते आणि किक मारायची गरज नव्हती. आपल्यातल्या कितीजणींनी आयुष्यातली पहिली गाडी म्हणून तीच चालवली असेल. लखनौ मागे पडलं, कानपूरहून एलएमएलची व्हेस्पा आली. १९९१ला उद्योगांवरचे बहुतेक परवाने गेले, तोवर दुकानात जाऊन रंग निवडून स्कूटर घेता यायला लागली होती. ऑन घेणारे दुसऱ्या धंद्याला लागले. मग लोकांना मोटरसायकल आवडू लागली आणि २००९च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. २०१९ला विजेवरची चेतक दाखवली. माझ्या धाकट्या सुनेकडे ती आहे. ना कलती करायला लागते, ना किक.

अण्णांनी सायकल सोडली ती १९८९ साली, नोकरीतून मोकळे झाले तेव्हा. माझ्या भावाने त्यांना स्कूटर घेऊन देतो म्हटलं, पण आता कुठे जायचं आहे, म्हणाले.

आमची चेतक आम्ही १९९८ साली एका मेकॅनिकला विकली. कागद करताना त्याने आरसी बुक माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "ताई, यात दोन नावं आहेत. पहिला मालक कोण?"

मी म्हटलं, "माझे वडील."

"किती दिवस वापरली त्यांनी?"

मी सांगितलं. त्याला वाटलं मी चुकून दिवस म्हणाले. त्याने कागदावर एकोणीस महिने असं लिहून घेतलं.