सरनेम म्हणजे बापाचे नाव नव्हे

बँकेच्या फॉर्मवर 'सरनेम' असा रकाना आला की आपल्यातल्या कितीतरी जणींचा हात थांबतो. माहेरचे लिहायचे की सासरचे? आज आपण या इंग्रजी शब्दाचीच कुळकथा ऐकू या.

१०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच भाषा आली आणि तिच्यातले शब्द हळूहळू इंग्रजीत शिरले. 'सरनेम' हा त्यातलाच, साधारण १३०० सालचा. यातल्या 'सर'चा साहेबाशी काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'वर'. म्हणजे मूळ नावाच्या वर जोडलेले जास्तीचे नाव.

ते का लागले? एका गावात चार जॉन असले तर ओळखायचे कसे? मग लोहारकाम करणारा जॉन स्मिथ, टेकडीजवळ राहणारा जॉन हिल. आपल्याकडे सुतार, कुंभार ही आडनावे कामावरूनच आली ना, तसेच.

आणि यात बायकाही होत्या बरं का! पाव भाजणारी ती बॅक्स्टर, कापड विणणारी ती वेबस्टर. ही मुळात बाईच्या कामाची नावे, पुढे पुरुषांनाही लागली. आईवरूनही आडनाव पडे. मेग नावाच्या बाईचा मुलगा तो मेगसन.

काळ गेला तसा मूळ अर्थ मागे पडला. इंग्रजीत 'सायर' म्हणजे बाप. तोच शब्द यात आहे असे समजून लोक स्पेलिंगही तसे लिहू लागले. म्हणजे जास्तीचे नाव चुकून बापाचे नाव झाले! तिकडे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचे आडनाव लागे आणि तिची कमाईही नवऱ्याचीच धरत. कमाई तिची स्वतःची मानणारा कायदा १८७० साली झाला.

आपल्या देशात लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, माहेरचे की सासरचे हे आपले आपण ठरवू. पण जे ठरवू ते सगळीकडे एकच ठेवू, नाहीतर पैसे आपले आणि खाते अडलेले. पुढच्या बैठकीला आधार, पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन या. तिन्हींवरची नावे शेजारी ठेवून वाचू.