अ वेन्सडे! (चित्रपट)

अ वेन्सडे! हा ५ सप्टेंबर २००८ रोजी प्रदर्शित झालेला हिंदी थरारपट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन नीरज पांडे यांचे असून दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट होय. नसीरुद्दीन शाह व अनुपम खेर यांच्या त्यात प्रमुख भूमिका असून जिमी शेरगिल, आमिर बशीर आणि दीपल शॉ हे इतर कलावंत आहेत. मुंबईत एका बुधवारी दुपारी दोन ते सायंकाळी सहा या चार तासांत घडणारी ही कथा, दहशतवादाला उत्तर कोणी आणि कसे द्यावे, हा प्रश्न मांडते. चित्रपटाची लोकप्रियता आणि त्याने दिलेल्या उत्तराविषयीचा मतभेद या दोन्ही गोष्टी आरंभापासून बरोबरीने चालत आल्या आहेत.

पार्श्वभूमी

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील उपनगरी गाड्यांच्या प्रथम श्रेणीच्या डब्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली व मीरा रोड या स्थानकांच्या परिसरात झालेल्या या स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले व शेकडो जखमी झाले. चित्रपटातील नायकाच्या संतापाचे मूळ लोकलमधील अशाच स्फोटांत आहे. ओलिसांच्या सुटकेसाठी दहशतवाद्यांना सोडून द्यावे लागल्याची डिसेंबर १९९९ मधील कंदाहार विमान अपहरणाची आठवणही प्रेक्षकांच्या मनात ताजी होती. त्यामुळे कैद्यांच्या सुटकेची मागणी हा कथेचा प्रारंभबिंदू त्यांना परिचयाचा वाटला.

कथानक

एक अनोळखी गृहस्थ पोलीस ठाण्यात स्फोटकांची पिशवी ठेवतो. नंतर बांधकाम चालू असलेल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरून तो पोलीस आयुक्त प्रकाश राठोड यांना दूरध्वनी करतो. शहरात अनेक ठिकाणी बॉम्ब ठेवले असल्याचे सांगून तो कोठडीतील चार दहशतवाद्यांच्या सुटकेची मागणी करतो. प्रत्यक्षात त्याला त्यांना सोडवायचे नसून ठार करायचे असते. तिघे स्फोटात मरतात. चौथ्याला पोलिसांनीच मारावे, अशी अट तो घालतो आणि ती पूर्ण होते. शहरात आणखी बॉम्ब नव्हतेच, हे शेवटी उघड होते. आयुक्त त्याच्यापर्यंत पोहोचतात, मात्र त्याला अटक करत नाहीत. तो त्यांना आपले नाव सांगतो, पण नावावरून माणसाचा धर्म ओळखला जातो, या कारणास्तव ते प्रेक्षकांना सांगितले जात नाही.

प्रेक्षकांचा प्रतिसाद

गाणी नसलेला, सुमारे पावणेदोन तासांचा आणि तरुण तारे-तारकांचे आकर्षण नसलेला हा चित्रपट मुख्यतः तोंडी प्रसिद्धीवर चालला. प्रेक्षकांना भावलेल्या गोष्टींत बंदिस्त पटकथा, शेवटपर्यंत टिकणारी उत्कंठा आणि शाह व खेर यांचा अभिनय यांचा उल्लेख प्रामुख्याने होतो. दोघांचा संघर्ष बहुतांशी दूरध्वनीवरच चालतो, तरीही तो कोठे सैल पडत नाही.

सर्वाधिक चर्चा झाली ती नायकाच्या अखेरच्या दीर्घ संभाषणाची. घरातून निघालेला माणूस संध्याकाळी सुखरूप परतेल की नाही, ही धास्ती आणि रोज त्याच लोकलमध्ये दिसणारा चेहरा एक दिवस कायमचा नाहीसा होण्याचे दुःख त्यात व्यक्त झाले आहे. उपनगरी गाडीने प्रवास करणाऱ्या प्रेक्षकाला हे आपलेच मनोगत वाटले. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतील ‘कॉमन मॅन’ सारे काही मुकाट्याने पाहत असे. येथे तो प्रथमच बोलतो आणि थेट कृती करतो, हे या चित्रपटाचे आकर्षण होते. नायकाचा धर्म गुप्त ठेवल्यामुळे त्याचा राग कोणत्याही एका समाजाचा ठरत नाही, हाही मुद्दा अनेकांनी गुण म्हणून नोंदवला.

आक्षेप

दुसऱ्या मतप्रवाहाचा आक्षेप चित्रपटाच्या कलागुणांवर नसून निष्कर्षावर आहे. नायक न्यायालयाला बाजूला सारून स्वतःच शिक्षा ठरवतो. त्यासाठी तो दहशतवाद्यांचीच साधने वापरतो आणि पोलीस अधिकारीही खोटी चकमक घडवून त्याला साथ देतात. त्या चौघांच्या अपराधाविषयी कथेत शंकेला जागाच ठेवलेली नाही. त्यामुळे प्रेक्षकाला टाळी वाजवणे सोपे जाते, प्रत्यक्ष तपासात मात्र अशी खात्री क्वचितच लाभते, असे हे मत आहे.

या संदर्भात निशिकांत कामत यांच्या चित्रपटांशी तुलना केली जाते. त्यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या मराठी चित्रपटात कायदा हाती घेणारा माधव आपटे स्वतःच्या विनाशाकडे जातो. त्यांचाच ‘मुंबई मेरी जान’ (२२ ऑगस्ट २००८) हा हिंदी चित्रपट ‘अ वेन्सडे!’च्या दोनच आठवडे आधी प्रदर्शित झाला. रेल्वे स्फोटांनंतरची भीती, संशय व शोक हा त्याचा विषय आहे. एकाच घटनेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी त्या वर्षी प्रेक्षकांसमोर होत्या. पैकी एक सूड मागणारी, तर दुसरी सावरू पाहणारी होती.

प्रदर्शनानंतरच्या घटना

चित्रपट प्रदर्शित होऊन तीन महिने होण्यापूर्वीच, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. तो दिवसही बुधवारच होता. पुढील बुधवारी, ३ डिसेंबर रोजी, गेटवे ऑफ इंडिया येथे हजारो नागरिकांनी एकत्र येऊन संताप व्यक्त केला. चित्रपटातील नायकाची भाषा आता रस्त्यावर ऐकू येत होती.

मात्र त्याच हल्ल्याने वेगळे उदाहरणही घालून दिले. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ प्राण देऊन अजमल कसाबला जिवंत पकडण्यास मदत केली. त्यामुळे खटला चालू शकला आणि कटाची माहिती पुराव्यानिशी पुढे आली. विशेष न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय या तिन्ही टप्प्यांनंतर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आली.

२००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्याने आक्षेपकांच्या मुद्द्याला अधिक वजन दिले. विशेष न्यायालयाने ३० सप्टेंबर २०१५ रोजी पाच जणांना फाशीची व सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी या बाराही जणांना दोषमुक्त ठरवले. त्यांपैकी एकाचा तत्पूर्वीच मृत्यू झाला होता. हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वोदाहरण मानला जाऊ नये, अशी मर्यादित स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी दिली. चित्रपटातील चार दहशतवादी काल्पनिक असून त्यांचा या आरोपींशी संबंध नाही. तथापि, शिक्षा तत्काळ व्हावी या मागणीत चुकीच्या माणसाला शिक्षा होण्याचा धोका कसा दडलेला असतो, हे या खटल्याच्या प्रवासावरून दिसते. त्याचबरोबर, मृतांच्या कुटुंबीयांची न्यायाची प्रतीक्षाही दोन दशकांच्या उंबरठ्यापर्यंत लांबली. नायकाचा संताप आणि आक्षेपकांची चिंता या दोहोंना या खटल्यात आधार सापडतो.

पुरस्कार व पुनर्निर्मिती

५६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नीरज पांडे यांना दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये या कथेवर तमिळमध्ये ‘उन्नैपोल ओरुवन’ (कमल हासन व मोहनलाल) आणि तेलुगूमध्ये ‘ईनाडू’ (कमल हासन व व्यंकटेश) हे चित्रपट निघाले. बेन किंग्जली यांची भूमिका असलेला ‘अ कॉमन मॅन’ (२०१३) हा श्रीलंकेतील इंग्रजी चित्रपटही याच कथेवर आधारित आहे. पांडे यांनी पुढे ‘बेबी’ (२०१५) या हेरपटात दहशतवादविरोधी कारवाईचा विषय पुन्हा हाताळला. तेथे मात्र कारवाई करणारा सामान्य नागरिक नसून शासनाचे गुप्त पथक आहे.